टाकीतलं पाणी आणि जास्तीचे न्यूट्रिनो

संपादकांचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारजवळ कोरीटला माझ्या घरी ओट्यावर बसून वाळल्या मिरच्यांची देठं खुडत होतो. "न्यूट्रिनोवर लिहा सर," ते म्हणाले. "सोपं लिहा आणि जरा प्रेरणादायी लिहा." सोपं लिहिण्याचा प्रयत्न करतो. प्रेरणादायीचं काही खरं नाही. मला रोज सकाळी अंथरुणातून उठवून कामावर पाठवणारी जी गोष्ट होती ती विज्ञानाची ओढ कमी आणि रेहाना मणियारबद्दलचा जळफळाट जास्त होता. हे असं दिवाळी अंकात छापायचं की नाही ते संपादकांनी बघावं.

रेहाना नंदुरबारचीच. तिच्या वडिलांचं गावात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान होतं. आमच्या विहिरीवरची मोटार जळली की ती त्यांच्याकडेच जायची. घरात ती उर्दू बोलायची, आमच्याशी अहिराणी आणि प्राध्यापकांशी असलं अस्सल पुस्तकी मराठी, की आम्ही पाटलांची पोरं तोंडात बोट घालायचो. बी.एस्सी.ला आम्ही एका वर्गात होतो. ती पहिली यायची, मी दुसरा. मी जास्त अभ्यास केला की ती आधीपेक्षा जास्त अंतराने पहिली यायची. पुढे तिची वाट वेगळी, माझी वेगळी झाली, आणि मला वाटलं की सुटलो. मग ज्या प्रयोगात मी मोठ्या मिनतवारीने जागा मिळवली, त्याच्या पहिल्याच बैठकीत समोरच्या खुर्चीवरून आवाज आला, "कसा शेस हिराभाऊ? मोटार चालस का तुम्हनी?"

आम्हा दोघांच्या या सततच्या कुरबुरीवरून लोकांना भलतीच शंका यायची. तसलं काही नव्हतं. माझी बायको मला ओळखून आहे, तिने ती शंका कधी मनातही आणली नाही. हेवा हे एवढं भरगच्च नातं असतं की त्यात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही.

आता काम काय होतं ते सांगतो. न्यूट्रिनो नावाचा एक अतिसूक्ष्म कण आहे. सूर्यातून येतो, अणुभट्टीतून येतो. तुम्ही ही ओळ वाचेपर्यंत तुमच्या अंगठ्याच्या नखातून असे अब्जावधी कण निघून गेले आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही. त्याला विजेचा भार नाही, वजन जवळजवळ नाही, कुणाशी देणंघेणं नाही. पण क्वचित, फारच क्वचित, एखादा न्यूट्रिनो एखाद्या अणूच्या केंद्रकाला धडकतो आणि ते केंद्रक किंचित हलतं. भरल्या बैलगाडीवर माशी येऊन बसली तर गाडी जेवढी हलेल, त्याहूनही कमी. ती हालचाल टिपायची हा आमचा धंदा.

ती टिपून करायचं काय? भौतिकशास्त्रात एक मोठा सिद्धांत आहे, त्याला स्टँडर्ड मॉडेल म्हणतात. सृष्टीतले मूळ कण कोणते आणि ते एकमेकांशी कसे वागतात, हे तो सांगतो. एवढ्या न्यूट्रिनोंपैकी किती धडकतील आणि केंद्रक किती हलेल, याचाही आकडा तो आधीच देतो. आम्ही मोजायचं. मोजलेला आकडा जुळला तर सिद्धांत पास. नाही जुळला तर सिद्धांतात कुठेतरी भोक आहे, आणि त्या भोकातून नवं काहीतरी दिसणार आहे. जगातला प्रत्येक मोजणारा मनातून एकच मागणं मागत असतो, की माझ्या हातून आकडा चुकीचा नव्हे, पण वेगळा यावा.

प्रयोग एका अणुभट्टीच्या आवारात होता. नाव सांगत नाही, ते महत्त्वाचं नाही. कामाची वाटणी अशी होती की यंत्र माझं आणि आकडे रेहानाचे. जर्मेनियम नावाच्या धातूसारख्या पदार्थाचा स्फटिक अतिथंड करून ठेवायचा, त्याच्याभोवती तांबं, शिसं, प्लास्टिक आणि पाण्याच्या भिंती उभ्या करायच्या, हे माझं काम. भिंती न्यूट्रिनोसाठी नसतात, तो तर पृथ्वीतूनही आरपार जातो. भिंती बाकीच्यांसाठी. सिमेंटमधून, हवेतून, माणसाच्या अंगातून, सगळीकडून काही ना काही किरण येत असतात, आणि आमच्या स्फटिकाला त्यातला प्रत्येक किरण खोकल्यासारखा ऐकू येतो. सभेत एकाचं कुजबुजणं ऐकायचं असेल तर आधी बाकीच्यांना गप्प करावं लागतं.

या गप्प करण्यापायी मी नातेवाईक दुखावले. ब्राह्मणपुरीचे माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एकदा आम्हाला भेटायला आले ते स्वतःच्या शेतातली केळी घेऊन. साहेबलोकांना द्यायची म्हणून थेट प्रयोगाच्या दारापर्यंत केळीचा घड खांद्यावर. मी त्यांना दारातच अडवलं. केळीत पोटॅशियम असतं आणि पोटॅशियम किंचित किरणोत्सारी असतं. एका घडाने आमचं काही बिघडलं नसतं हे मलाही माहीत होतं, पण नियम तो नियम. मी समजावून सांगू लागलो तर दाजींचा चेहरा पडला. "नासेल शे का मन्ही केयी?" ते म्हणाले. "निर्यातनी केयी शे ही! दुबईना लोके खातस, तुन्हा दगडले चालत नही?" तेवढ्यात रेहाना आली. तिने घड उतरवून घेतला, दाजींना कँटीनमध्ये नेलं, चहा पाजला आणि सगळ्या गटाला बोलावून केळी वाटली. दाजी परत गेले ते तिचं नाव घेत. आजही भेटले की आधी तिची खुशाली विचारतात, मग माझी.

हे असंच चालायचं. राबायचो मी, आणि माणसं तिच्याभोवती. बाहेरच्या पाहुण्यांना यंत्र मी दाखवायचो, तासभर. ती शेवटी येऊन भिंतीवर एक आलेख दाखवायची आणि पाहुण्यांचे डोळे चमकायचे. आमच्या धंद्यात शोधनिबंधावर सगळ्यांची नावं आडनावाच्या इंग्रजी क्रमाने छापतात, लहानमोठं कुणी नाही. केवढी उदार प्रथा! फक्त त्या क्रमात मणियार पाटलांच्या आधी येतात, आणि आम्ही पाटील एवढे होतो की मी कोणता ते माझ्या मुलालाही शोधावं लागायचं.

नावं क्रमाने असली तरी जागतिक परिषदेत उभं राहून निकाल सांगतो तो एकच. माणसं निबंध विसरतात, पण तो चेहरा लक्षात ठेवतात. त्यामुळे कोण बोलणार यावरून गटागटांत अबोले झालेले मी पाहिले आहेत. आमच्या पहिल्या मोठ्या निकालाच्या वेळी मत पडलं रेहानाच्या बाजूने. मी टाळ्या वाजवल्या. कुणी जरा कान देऊन ऐकलं असतं तर त्यांना कळलं असतं की टाळ्या कशा वाजत होत्या.

आणि निकाल काय होता? आकडा वेगळा आला होता. सिद्धांताने सांगितल्यापेक्षा जास्त धडका. थोड्याथोडक्या नव्हे. अणुभट्टी इंधन बदलण्यासाठी बंद असते तेव्हा न्यूट्रिनो येत नाहीत, त्या काळातला आकडा रेहानाने वेगळा काढून पाहिला, तर जास्तीच्या धडका गायब. भट्टी सुरू की त्या हजर. म्हणजे त्या भट्टीतूनच येत होत्या यात शंका नव्हती. ती आलेख हातात घेऊनच माझ्या खोलीत आली. "सिद्धांत फुटना, हिराभाऊ! आपला डोयासमोर फुटना!"

मी म्हणालो, "अभिनंदन." घरी आलो, जेवलो नाही. बायकोने विचारलं तर पोटात दुखतंय म्हणालो, आणि ते अगदी शब्दशः खरं होतं. स्फटिक माझा, भिंती माझ्या, आणि सिद्धांत फोडणारी ती! आमच्या जिल्ह्यातून असलं काम करणारी माणसं निघालीच दोन, आणि जगाला त्यातलं एकच नाव कळणार होतं.

त्या दिवसांत मला एक खोड लागली. प्रयोगाच्या खोलीत कारण नसताना जाऊन बसायचं. माझ्या यंत्राला हात लावायचा, तारा पाहायच्या, जणू कुणी ते पळवून नेणार आहे. असाच एकदा पाण्याच्या भिंतीला टेकून उभा होतो. ही भिंत म्हणजे पोलादाची उंच टाकी, भट्टीच्या बाजूला उभी. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ कधी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे ड्रमजवळून जाताना बोटाचं पेर वाजवून पाणी कुठवर आहे ते बघायची सवय घराघरात असते. ती हाताची सवय कुठे जाते? मी मनात रेहानाला शिव्या देत टाकीवर सहज पेर वाजवलं. ठण् वाजलं. खाली वाजवलं, तरी ठण्. कमरेच्या खाली गेलो तेव्हा कुठे ठप् आवाज आला.

पाणी दाखवणारा काटा मात्र टाकी भरलेली असल्याचं सांगत होता. टाकीची देखभाल आवारातल्या दुसऱ्या विभागाकडे होती. काट्याचा तरंगता गोळा वरच अडकला होता आणि गरम खोलीत पाणी हळूहळू उडून गेलं होतं.

आता पाण्याचं महत्त्व सांगायला हवं. भट्टीतून न्यूट्रिनोंबरोबर न्यूट्रॉनही निघतात. न्यूट्रॉन केंद्रकावर आदळला की केंद्रक नेमकं तसंच हलतं जसं न्यूट्रिनोमुळे हलतं. स्फटिकाला त्यातला फरक कळत नाही. न्यूट्रॉनला अडवायला पाण्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून ती टाकी. आणि हे न्यूट्रॉनही भट्टी सुरू असली की येतात, बंद झाली की थांबतात. म्हणजे रेहानाची ती भट्टी बंद असतानाच्या आकड्यांवरून केलेली परीक्षा न्यूट्रॉन हसत हसत पास झाले होते. तिचे जास्तीचे न्यूट्रिनो हे न्यूट्रिनो नव्हतेच.

तिचं भाषण चार-दोन दिवसांवर आलं होतं. मी टाकीपाशी उभा राहून विचार केला. गप्प राहिलो असतो तर ती व्यासपीठावर उभी राहून सिद्धांत फुटल्याचं सांगणार होती, आणि मग दुसऱ्या देशांतले गट तिच्या चिंधड्या उडवणार होते. जळणाऱ्या माणसाला याहून गोड काय हवं? पण मला त्याच्या आधीचे दिवस दिसले. वर्तमानपत्रात तिचा फोटो, नंदुरबारच्या चौकात तिचे फलक, कोरीटच्या पारावर माझ्याच भावकीतली माणसं मला विचारताहेत, "मन्यारनी पोरनी काय शोधं रे?" चिंधड्या उडायला महिना लागला असता, कदाचित दोन. तो महिना मला सोसला नसता. चुकीची का होईना, ती तेवढे दिवस जगातली पहिली झाली असती.

म्हणून मी सांगितलं. लोक याला प्रामाणिकपणा म्हणतात. म्हणू देत.

ती बॅग भरत होती. मी दारातच म्हणालो, "रेहाना, टाकी रिकामी शे."

"कोनती टाकी?"

"पानीनी भिंत. अर्धी बी नही व्हई."

"काटा तं भरेल दखाडस."

"काटा अडकेल शे. मी ठोकीसन देखं."

ती खाली बसली. मग संगणक उघडून तिने जास्तीच्या धडका महिन्यांप्रमाणे मांडल्या. उन्हाळा जसा चढत गेला तशा त्या वाढत गेल्या होत्या. पाणी उडत होतं आणि सिद्धांत फुटत होता.

"भरी टाक," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला वाटलं हिला सगळं कळलं. मी डोळे चुकवले.

मला वाटलं होतं की ती आता जाणार नाही, किंवा जाऊन काहीतरी गुळमुळीत बोलेल. ती गेली. भरल्या सभेत तिने आलेख दाखवला आणि म्हणाली, आकडा वेगळा आला आहे, पण आमच्या टाकीत पाणी कमी होतं, ते आमच्या हिरामण पाटलांनी बोटाने ठोकून शोधलं, त्यामुळे या आकड्यावर कुणी विश्वास ठेवू नये, भरल्या टाकीनिशी परत मोजू आणि मग येऊ. मी मागच्या रांगेत होतो. सभा उठून उभी राहिली. चुकीसाठी असल्या टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत, आणि त्या तिला मिळाल्या! त्या टाळ्यांत माझं नाव होतं म्हणून मला आणखीच राग आला. तिने दिलेलं नाव मला नको होतं.

टाकी भरून परत मोजलं. आकडा सिद्धांताशी तंतोतंत जुळला. जगातल्या चांगल्या मोजण्यांमध्ये ते गणलं गेलं आणि रेहाना गटाची प्रमुख झाली. मला काय मिळालं? आमच्याकडे निबंध बाहेर पाठवण्याआधी गटातलाच एक माणूस त्यातल्या चुका काढायला बसवतात. रेहानाचा कुठलाही निबंध आला की ते काम माझ्याकडे. एकदा, दोनदा, दरवेळी. मला वाटायचं की हा कुणीतरी मुद्दाम केलेला अपमान आहे, तिच्या पानांवर माझं आयुष्य घालवण्याचा. मग मीही सूड उगवायचो. एक स्वल्पविराम सोडायचो नाही. तिचा एकही निबंध मी पहिल्या फेरीत पुढे जाऊ दिला नाही. चूक सापडली की त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जायच्या.

निवृत्त झालो, कोरीटला आलो. रेहानाला मात्र निवृत्तीनंतरही गटाने सोडलं नाही. गेल्या वर्षी नंदुरबारला तिचा सत्कार ठरला आणि संयोजकांनी परिचय करून द्यायला मलाच बोलावलं. दिला परिचय. चांगला दिला, लोक म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, सारंगखेड्याची यात्रा बघू, लहानपणी अब्बांबरोबर घोडे बघायला जायची. गेलो. धुळीत घोडे नाचत होते. एक गिऱ्हाईक घोड्याचे दात, खूर, अंगावरचे केसांचे भोवरे बघत होतं आणि मालक कौतुक सांगत होता. रेहाना बघत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "माले तव्हयच मालूम व्हतं."

"काय?"

"टाकीनं. तू मन्हं भलं व्हवासाठे सांगं नही. तू जयी ऱ्हायंता."

जळत होतोच मी. इतक्या वर्षांनी नाही कशाला म्हणायचं?

"म्हनीसन दर खेपले मीच तुन्हं नाव दिधं," ती म्हणाली. "चुका काढासाठे. म्याडम भारी शे म्हननारा गंज लोके शेतस. मन्ही चूक सापडनी का ज्याले गोड झोप लागस, असा एकच मानूस शे दुनियामा."

म्हणजे एवढी वर्षं मी जो सूड उगवत होतो तो तिने मागून घेतला होता. राग यायला हवा होता. आलाही. पण तोवर तिने पिशवीतून कागदांची चळत काढून माझ्या हातात दिली. मोठे स्फटिक, नवी टाकी, टाकीला दोन-दोन काटे. आणि आकडा पुन्हा वेगळा. या वेळी थोडासाच, अगदी हलक्या धडकांच्या टोकाला, पण वेगळा. "तुले दखाडानी परवानगी काढेल शे," ती म्हणाली. "घर लई जाय. आन् जीव लाईसन जय."

मी जीव लावून जळलो. हिवाळाभर ते कागद माझ्या ओट्यावर होते. पाण्याच्या नोंदी पाहिल्या. थंड करणाऱ्या यंत्राची थरथर स्फटिकात उतरते का ते पाहिलं. धक्क्यातला किती भाग विजेच्या रूपाने हाती लागतो, या एका बाबतीत सगळे गट फसतात, ते तिचं गणित मी वेगळ्या रीतीने स्वतः मांडून पाहिलं. एकदा वाटलं सापडलं. आनंदाने बायकोला हाकही मारली. मग माझ्याच बेरजेतली चूक निघाली. परत पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी फोन केला.

"सापडनं का?" तिने विचारलं.

"नही."

"पानी?"

"पानी बी देखं, थरथर बी देखी. बठ्ठं देखं."

"या खेपले तू जयना नही व्हई."

"मी इतला जयनू रेहाना, का बायकोनी बोलनं सोडं मन्हासंगे. तरी काहीच सापडनं नही."

मग तिने जे विचारलं ते घाबरलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं. एवढ्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. "मंग खरंच व्हई का रे, हिराभाऊ?"

"व्हई," मी म्हणालो. आणि ते खरं निघावं असं मला मनापासून वाटत होतं. तिच्या नावावर, तिच्या फोटोसकट. आयुष्यभर तिचं सगळं सोसलं, पण माझं हे असं वाटणं मात्र मला अजून सोसत नाही.